छत्रीच्या जागी कोंबडी

माझ्या दुसरीच्या वर्गात ती मुलगी दिवाळीनंतर आली. तोवर तेलंगणातल्या एका गावी आजीपाशी वाढलेली. वडील सोलापुरात यंत्रमागाच्या कारखान्यात होते. तो कारखाना बंद पडला आणि ते आमच्या शाळेजवळच्या एका नव्या इमारतीवर वॉचमन म्हणून राहायला आले. शहराच्या पूर्व भागातल्या एखाद्या शाळेत गेली असती, तर तेलुगू बोलणाऱ्या मैत्रिणी पहिल्याच दिवशी भेटल्या असत्या. आमच्याकडे मराठी बोलणारी मुलं होती, उर्दू बोलणारी होती, अक्कलकोटकडची कानडी बोलणारी दोन-तीन होती. तेलुगू बोलणारी ती एकटीच.

ती खिडकीशी बसायची. फळ्यावरचं सगळं सुबक उतरवून घ्यायची, बोलायची मात्र एक अक्षर नाही. काही विचारलं की हसायची.

त्याच सुमारास आमच्या मुख्याध्यापक सरांचं एआयचं प्रशिक्षण झालं. परत आले ते भारावूनच.

"बाई, पाठाचं टाचण आता त्याच्याकडून करून घ्या. वेळ वाचवा की!"

वेळ वाचायला हवाच होता. उपक्रमाचे फोटो पाठवा, लिंक भरा, पोषण आहाराची माहिती चढवा, यात अर्धा दिवस जायचा. मी फोनवर ते सुरू केलं आणि मला ते आवडलंही. फक्त थोड्याच दिवसांत सगळ्या शिक्षकांचे अहवाल एकाच माणसानं लिहिल्यासारखे दिसायला लागले, याची मोठी गंमत वाटायची.

एकदा मी त्याच्याकडून मुलांसाठी कोडी करून घेतली. 'पावसात फुलते, घरात मिटते, एका पायावर चालते माझ्यासंगे' अशी. वर्गात म्हटलं, "चला, आज कोडी! उत्तर लिहिता येत नसेल तर चित्र काढा."

मुलांनी छत्र्या काढल्या, घड्याळं काढली. तिनं कोंबडी काढली. दुसऱ्या कोड्याला दुसरी कोंबडी, तिसऱ्याला पिल्लांसकट. तुरा, पिसं, पायाची बोटं, सगळं जागच्या जागी. मी गोंधळले. एवढं छान चित्र काढणाऱ्या मुलीला छत्री काढता येत नसेल, असं कसं?

शाळा सुटल्यावर फोनवर विचारलं. मुलांची नावं, फोटो त्यात टाकायचे नाहीत हे मी ठरवलेलं होतं, म्हणून शब्दांतच लिहिलं: दुसरीतली एक मुलगी प्रत्येक कोड्याच्या उत्तरात कोंबडी काढते, कारण काय असेल? लगेच उत्तर आलं. एकाग्रतेचा अभाव असू शकतो, आकलन कमी असू शकतं, घरी कोंबड्या असू शकतात. खाली आठवडाभराचे सराव. मांडणी इतकी व्यवस्थित की मान डोलवावीशी वाटली. पण समाधान काही होईना.

दोन दिवसांनी तिची आई पाण्याची बाटली द्यायला वर्गाच्या दारात आली. आईला पाहताच ती पोरगी तेलुगूत जी सुटली! हातवारे काय, डोळे मोठे करणं काय, मधेच माझ्याकडे बोट दाखवून हसणं काय. मी खडू हातात धरून बघत राहिले. एवढं बोलणं कुठं ठेवलं होतं हिनं?

मधल्या सुट्टीत मी त्याच प्रश्नाखाली एक ओळ वाढवली: मुलगी घरी तेलुगू बोलते. आणि फोन म्हणाला, तेलुगूत 'कोडि' म्हणजे कोंबडी.

मी एवढ्या मोठ्यानं हसले की सर डबा सोडून बघायला आले. म्हणजे त्याला हे आधीपासून ठाऊक होतं. मी सांगितलं नव्हतं, म्हणून त्यानं ते काढलं नव्हतं. मला नवल वाटत राहिलं: अजून काय काय त्याच्या पोटात असेल, जे मी विचारलेलंच नाही?

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, "हिच्या घरी कोंबडीला कोडि म्हणतात."

मग अक्कलकोटकडचा एक मुलगा उठला. "बाई, आमच्यात कोळी म्हणतात."

"कोळी तर जाळं करतो!" कुणीतरी ओरडलं.

"आमची मुर्गी," उर्दू बोलणाऱ्या एका मुलीनं जाहीर केलं.

वर्ग डोक्यावर घेतला मुलांनी. मग मी फोनला मराठीसारखे ऐकू येणारे असे आणखी तेलुगू शब्द विचारले. त्यानं यादीच दिली. मी एकेक वाचायची आणि तिच्याकडे बघायची. ती मान हलवायची, होय किंवा नाही. 'काकि' म्हणजे कावळा, यावर जोरात होय. ज्यांना खरोखरच्या काकी होत्या, ती मुलं बाकावर लोळायची बाकी राहिली. दोन शब्दांवर तिनं ठाम नाही म्हटलं. मी आईला विचारलं, तिनंही कधी ऐकले नव्हते. फोननं मात्र तेही तेवढ्याच ठामपणे सांगितले होते.

त्यानंतर ती बोलायला लागली असं म्हणणं सोपं आहे. खरं तर आधी तिनं मुलांना तेलुगू शिकवली, आणि शिकवता शिकवता मराठी उचलली. आता ती वाचते सावकाश, पण मराठीत भांडते झकास. मी अजूनही फोनची मदत घेते. प्रश्न लिहिण्याआधी मूल कुठलं, घरी काय बोलतं, एवढं स्वतःशी विचारून घेते.

परवा तिनंच मला विचारलं, "बाई, तुमी घरी काय बोलता?"

"मराठी."

"वर्गात बोलता तशीच?"

मी बार्शीजवळच्या खेड्यातली. नोकरी लागल्यापासून वर्गात पुस्तकातलीच भाषा बोलत आले.

"न्हाय गं," मी म्हटलं. "घरी आमी म्हणतो, कुटं गेलतीस? हितं ये की, लई येळ झाला."

मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, ही तर आमचीच भाषा हाय!"

"व्हय," मी म्हटलं, आणि त्या दिवशीचा धडा मी तसाच शिकवला.