दोन फायली, एक खुर्ची

“उसाच्या फडात हाळ्या देता ना तुमी? मग वाच की मोठ्यानं.”

शेतकी विभागाचे साहेब भरल्या ऑफिसात हे बोलले. सगळे हसले. शेजारी बसलेला प्रणवही हसला. मी शेवगावकडची, ऊसतोड करणाऱ्यांची पोर. श्रीगोंदा तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात कम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले होते. कम्प्युटरला मात्र हात लावू देत नव्हते.

कारखान्यानं ऊसनोंदीचं सॉफ्टवेअर बदललं होतं. जुन्यातून एक फाईल काढली, नव्यातून एक. एकेका ओळीत गाव, गट नंबर, शेतकऱ्याचं नाव, उसाची जात. अशा हजारो ओळी. दोन्हीकडं सारखं आहे का, कुठं काय गळलं, ते शोधायचं. साहेबांची पद्धत ठरलेली. एक फाईल छापायची, एकानं मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं स्क्रीनवर जुळवायची. वाचायची मी. स्क्रीन प्रणवचा.

प्रणव कोल्हारच्या बागायतदाराचा मुलगा, एका संचालकांचा भाचा. मामांचा फोन आला आणि त्याला फिरती खुर्ची मिळाली. पुण्यातला थोरला भाऊ त्याला व्हिडिओ कॉलवर सगळं शिकवायचा. मी जळायचे. खोटं कशाला बोलू? त्याच्या लॅपटॉपवर जळायचे, त्या भावावर जळायचे. त्याची बोटं न बघता कीबोर्डवर फिरायची, त्या बोटांवर तर सगळ्यात जास्त. माझ्या थोरल्या भावानं मला मोळी बांधायला शिकवलं होतं.

वाचून वाचून घसा बसला. गरम पाणी पीत वाचत राहिले. एकदा पाण्याला उठले आणि प्रणवच्या मागून गेले. स्क्रीनवर फाईल नव्हतीच. क्रिकेट चालू होतं.

“जुळवत न्हाईस व्हय रे?”

“ते कवाच झालंय. भावानं कमांड सांगितली. दोन्ही फायली दिल्या, डिफ मारलं, फरक तेवढाच बाहेर आला. साहेबांना दिलाय बी.”

“मग मी कशाला वाचतीय?”

“मग तू काय करशील बसून?”

म्हणजे साहेबांनाही ठाऊक होतं. तरी मला वाचायला लावत होते. रिकामी बसले तर मशीन मागेन, म्हणून.

जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्या खुर्चीत बसले. स्क्रीनवर कमांड टाकायची काळी खिडकी उघडीच होती. डिफ, पुढं दोन फायलींची नावं, एंटर. ओळी धो धो वाहायला लागल्या. थांबेचनात. प्रत्येक ओळ वेगळी दाखवत होतं. प्रणव दारात पोट धरून हसत होता.

“आगं, जुनीत गावाप्रमानं हाय, नवीत नावाप्रमानं. आधी दोन्ही सॉर्ट कर, एका क्रमानं लाव. मग डिफ. कोयता न्हाई हा, दिसंल तिथं घालायला.”

हसता हसता त्यानं सगळं सांगून टाकलं. हिला काय कळणार, असं वाटलं असेल. मी त्याच्या देखत दोन्ही फायली सॉर्ट केल्या आणि पुन्हा डिफ मारलं. वाहणं थांबलं. थोड्याच ओळी उरल्या.

एवढंच? एवढ्यासाठी माझा घसा गेला? रडू आलं नाही. राग आला, आणि हेवा त्याहून मोठा. त्याला हे भावानं मायेनं दिलं. मला मिळालं ते टोमण्यासोबत, चुकून.

तेवढ्यात साहेब आले.

“ऊठ तिथनं. कागद घे.”

“मी वाचणार न्हाई.”

“काय?”

“ऑपरेटर म्हणून घेतलंय मला. मशीनवरच काम करीन.”

“मग उद्यापास्नं येऊ नको.”

“तसं लिहून द्या.”

त्यांनी लिहून दिलं नाही. दुसरं मशीनही दिलं नाही. मी रोज येते, प्रणवच्या आधी येते आणि त्या खुर्चीत बसते. सगळे माझ्याशी बोलायचे बंद झालेत. मी अजून जळते. हा हेवा मला जायला नको आहे. तो गेला, तर मी गुमान कागद हातात घेईन. गोड बोलून कुणाकडं शिकवणी मागणार नाही. चुकत चुकत शिकेन, पण इथंच बसून. मला उठवायचं असेल तर हाताला धरून उठवावं लागेल.