साक्ष देणाऱ्याची बायको

डॉयल लेडफर्डची साक्ष ऐकताना धट्टेकट्टे बापये हुंदके देत, आणि व्हर्नाला त्या हुंदक्यांची मनापासून शिसारी येई. कुणाच्या आसवांची किळस करू नये हे तिला कळत होतं, पण काय करणार? मोडलेला जबडा तिचा होता.

टेनेसीच्या त्या डोंगराळ कोपऱ्यात प्रत्येकाकडे आपापली साक्ष असे. आधी आपण किती पापी होतो आणि मग प्रभूने कसं सावरलं, हे चर्चमध्ये मंडळीपुढे उभं राहून सांगायचं. बहुतेकांची बिचाऱ्यांची अगदीच मिळमिळीत, चोरून ओढलेली सिगारेट नाहीतर शेजाऱ्याच्या मळ्यातलं कलिंगड. डॉयलची मात्र घसघशीत होती. तिच्यात व्हिस्की होती, ओढ्यात उलटलेली गाडी होती, आणि शेवटी बायकोचा जबडा. जबड्यापाशी आला की तो थांबायचा, रुमाल काढायचा, आणि म्हणायचा, की ज्या हाताने मी हिला मारलं त्याच हातात प्रभूने बायबल दिलं. मग तोच हात पुढच्या बाकाकडे लांब करायचा. तेव्हा व्हर्नाने उठायचं, पुढे जायचं आणि तो हात धरायचा. धरला की सिस्टर ओपल पियानोवर गीत सुरू करी आणि पश्चात्ताप झालेले लोक एकेक करून वेदीपाशी येत. इतक्या वर्षांत तिने हे किती वेळा केलं असेल कोण जाणे. घरी पाहुणे आले की चहाचा ट्रे घेऊन बाहेर यावं, तशी ती उठायची. शेजारच्या बायका वर आणि म्हणायच्या, किती गं भाग्यवान तू.

खरी गोष्ट अशी होती, की जबडा मोडला तेव्हा व्हिस्की सुटून बराच काळ लोटला होता. बाप्तिस्मा झाला होता, डॉयल चर्चचा कारभार बघणारा डीकन झाला होता. बुधवारच्या प्रार्थनासभेत त्याने बायबलमधलं एक वचन चुकीचं सांगितलं आणि व्हर्नाने चारचौघांत ते दुरुस्त केलं, एवढाच तिचा गुन्हा. घरी आल्यावर त्याने टाय सैल केला आणि हात उचलला. स्वयंपाकघरात टेबलाशी त्यांची लेक डार्ला मक्याच्या पावाला लोणी लावत बसली होती.

दवाखान्यात सांगितलं, ओसरीच्या पायरीवरून पडली. पुढे डॉयल साक्ष देऊ लागला तेव्हा जबडा हळूच व्हिस्कीच्या दिवसांत सरकला, कारण तिथे तो शोभत होता. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा व्हर्ना चपापली, घरी जाऊन बोलायचं असं तिने ठरवलं. पण त्याच दिवशी होबार्ट, सगळा पगार दारूत घालवणारा, रडत पुढे आला आणि त्याची दारू खरोखर सुटली. त्याच्या बायकोने व्हर्नाला पीच भरून भाजलेली गोड पेस्ट्री आणून दिली, तिचे हात हातात घेऊन कितीतरी वेळ ती रडली. आता हिला काय सांगायचं? प्रभूचं काम होतंय, म्हणून व्हर्ना मूग गिळून बसली.

डार्ला मात्र गप्प बसली नाही. वयात आल्यावर तिने मुलींच्या बायबल वर्गात सरळ सांगून टाकलं, की माझ्या बापाने ममाला मारलं तेव्हा तो शुद्धीत होता. झालं, मंडळीत खळबळ. पास्टर असलेल्या ब्रदर गारलंडनी आईबापांना आणि डार्लाला मंडळीच्या वडीलधाऱ्यांसमोर बोलावून घेतलं. डॉयल शांतपणे म्हणाला, लहान पोरांच्या आठवणीत सैतान कालवाकालव करतो. मग सगळे व्हर्नाकडे बघू लागले. "तिला नीट आठवत नसेल, लहान होती," व्हर्ना म्हणाली. त्या सगळ्यांनी डार्लाच्या डोक्यावर हात ठेवून, खोटेपणाचा आत्मा हिला सोडून जावो अशी प्रार्थना केली. त्या हातांत एक हात व्हर्नाचा होता. शाळा संपताच डार्ला नॉक्सव्हिलला गेली आणि मग फक्त कुणाच्या मयताला येत राहिली.

व्हर्ना काही मंडळीवर रुसलेली बाई नव्हती. लग्न एकदाच करायचं, जेवणाआधी प्रभूचं नाव घ्यायचं, शाळेत प्रार्थना हवी, हे सगळं तिलाही पटत होतं. मत ती डॉयलच्याच पक्षाला देई. पण या उन्हाळ्यात डॉयल काउंटीच्या निवडणुकीला उभा राहिला, आणि अंगणात पाटी लागली, 'श्रद्धा, कुटुंब, लेडफर्ड'. ती पाटी बघितली की तिला घास गिळवेना. प्रभूच्या ज्या नावापुढे ती रोज गुडघे टेकत होती, ते याने भिंतीवर रंग चोपडावा तसं चोपडून ठेवलं होतं.

सप्टेंबरात जुन्यानव्या सगळ्या मंडळींना बोलावून चर्चच्या आवारात एकत्र जेवण होई. त्या रविवारी डॉयलची साक्ष ठरली. तो व्हर्नाला म्हणाला, डार्लाला फोन कर, पुढच्या बाकावर बसव. कुटुंबाच्या नावावर मतं मागायची तर कुटुंब दिसायला नको का? व्हर्नाने फोन केला.

"येते मी," डार्ला म्हणाली. "पुढे बसते, पाहिजे तर फोटोही काढून घेते. पण ममा, आयुष्यभर लोक मला खोटारडी म्हणत आले. आता माझं मलाच कळेनासं झालंय. त्या बुधवारी तो प्यायला होता का?"

पलीकडच्या खोलीत डॉयल बुटांना पॉलिश करत होता. व्हर्ना म्हणाली, ये तर खरं, मग बोलू. डार्लाने फोन ठेवला.

रविवारी झाडांखाली तळलेल्या कोंबडीची, घेवड्याची, भरलेल्या अंड्यांची ताटं झाकून ठेवलेली, आणि आत चर्चमध्ये बसायला जागा नाही. डॉयलने कॅमेरेवालाही आणला होता. व्हिस्की झाली, ओढा झाला, जबडा आला, रुमाल निघाला. आणि मग त्याने नवीनच काहीतरी काढलं. म्हणाला, "आणि ही माझी डार्ला, एवढीशी पोर, टेबलाखाली हात जोडून म्हणत होती, येशू, माझ्या डॅडीला वाचव. त्या प्रार्थनेने वाचलो मी."

डार्लाने कसली प्रार्थना केली नव्हती. तिने फडक्यात बर्फ बांधून आणला होता आणि आईच्या तोंडाला धरून ती उभी होती. आता ते बर्फाचं फडकंसुद्धा याने उचललं, धुऊन इस्त्री करून स्वतःच्या कोटाला लावलं. डॉयलने हात लांब केला. ओपलची बोटं पियानोवर तयार होती. डार्ला बापाकडे बघतच नव्हती, ती आईकडे बघत होती.

व्हर्ना उठली, पण पुढे गेली नाही.

"डॉयल, त्या दिवशी तू प्यायला नव्हतास," ती म्हणाली. "तू डीकन होतास आणि प्रार्थनासभेतून आला होतास. पोरगी खरं बोलत होती. खोटं मी बोलले."

ब्रदर गारलंड लगबगीने उठले. अशा वेळी काय बोलायचं हे त्यांना झोपेतही सुचलं असतं. "बघा मंडळी," ते म्हणाले, "एखादा माणूस प्रभूसाठी उभा राहिला की सैतान कुणाच्या तोंडून वार करतो बघा." डॉयलने डोळे पुसले आणि सांगितलं, की मी हिला क्षमा करतो. खाली 'आमेन' झालं. ओपलने गीत धरलं, आणि लोक उठले. नेहमीपेक्षा जास्त उठले. बापये डॉयलच्या गळ्यात पडून गदगदत होते. होबार्टसुद्धा होता त्यांच्यात. बायका येऊन व्हर्नाची पाठ थोपटत होत्या, घरी जाऊन जरा पड म्हणे, उकाड्याने होतं असं. तिने एकेकीचा हात पाठीवरून काढून टाकला आणि बाहेर आली. कुंपणाशी जाऊन ती ओकली.

डार्ला गाडीपाशी उभी होती. व्हर्नाला वाटलं होतं, आता ती गळ्यात पडेल. डार्ला जागची हलली नाही.

"आजच का, ममा?"

"तू समोर बसली होतीस ना."

"मी तेव्हाही समोरच होते," डार्ला म्हणाली, आणि शेजारच्या सीटचं दार उघडून तिथली स्वतःची पर्स तिने मागे टाकली.