खापरीमामा

आमच्या साताऱ्याच्या कॉलेजात खापरीमामा दिसायच्या आधी त्यांचा खिसा ऐकू यायचा. खाकी शर्टाच्या खिशात फुटक्या मडक्याचे बारके तुकडे असत. तापताना द्रव एकदम उसळू नये म्हणून चंबूत असा एखादा तुकडा आधी टाकतात. हे तुकडे विकतही मिळायचे. पण मामा मेढ्याच्या कुंभाराकडची फुटकी मडकी आणून स्वतः फोडायचे. पलटणीतून निवृत्त होऊन ते प्रयोगशाळेत लागले होते. केमिस्ट्रीतली एकच गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती आणि ती ते वर्षभर ऐकवत, "आदी खापरी, मग जाळ. तापल्यावर टाकशीला तर समदं तोंडावर येतंय."

एवढं ऐकूनही चौऱ्याहत्तर साली बी.एस्सी.च्या शेवटच्या प्रॅक्टिकलला मी खापरी विसरले. चिठ्ठीत अल्कोहोलातलं पाणी काढायचा प्रयोग आला होता. सायक्लोहेक्झेनॉल सल्फ्युरिक आम्लाबरोबर तापवायचं. पाणी सुटतं आणि सायक्लोहेक्झीन वाफेच्या वाटेनं पलीकडच्या बाटलीत उतरतं. चंबू धाडधाड हादरायला लागला तेव्हा मला खापरी आठवली. नापास झाले तर शिक्षण बंद, असं वडिलांनी बजावलं होतं. घाबरून मी एका हातात खापरी घेतली आणि दुसरा हात बुचाला घातला.

तेवढ्यात बर्नर विझला. माझा एकटीचाच नाही, सगळ्यांचे. मागच्या गॅसखोलीच्या दारातून मामा ओरडले, "गॅस गेलाय! कुनी कशाला हात लावू नका. धा मिंटं गार बसा!"

बाहेरून आलेले परीक्षक खवळले. "टाकीत हवा शिरली जनू, सायेब," मामा म्हणाले. परीक्षेत विद्यार्थ्यांशी बोलायची त्यांना बंदी होती. माझ्याकडे न बघता ते टेबलाजवळून गेले. खिसा मात्र जरा जोरात वाजला.

चंबू गार झाल्यावर मी खापरी टाकली. मग गॅसही आला. शेवटी माझ्या बाटलीतले थेंब पडताच ब्रोमीनच्या पाण्याचा तांबूस रंग नाहीसा झाला आणि प्रयोग जमल्याची खूण पटली. पास झाले, सांगलीला शिक्षिकेची नोकरीही लागली.

मामा कॉलेजातून निवृत्त झाले, त्यांच्या निरोपाला गेले तेव्हा कळलं, की टाकी तपासणाऱ्याला काहीच बिघाड सापडला नव्हता आणि मामांना निष्काळजीपणाचा मेमो मिळाला होता. सगळ्या नोकरीतला एकुलता एक. मी त्यांना कोपऱ्यात गाठलं. "मामा, टाकीत खरंच हवा शिरली होती?"

"शिरली आसंल. हवाच ती."

"आणि मेमो?"

"मेमोचं काय घेऊन बसलीस, पोरी," खिशातल्या खापऱ्या माझ्या ओंजळीत ओतत मामा म्हणाले. "तुजं डोळं गेलं आसतं, तर म्या कुनाला तोंड दावलं आसतं?"