क्विलन ओढ्यावरची आडवी कबर

एल्हानन गेहार्ट कशाने मेला?

सरकारी नोंदपत्रात या प्रश्नासाठी एक रकाना होता. हार्गिस अँबर्गीने केंटकीच्या त्या डोंगराळ जिल्ह्यात १९३९ ते १९४१ या काळात तीनशे अकरा सैनिकांच्या कबरी शोधून नोंदवल्या. त्यांपैकी तीनशे दहा नोंदपत्रांत तो रकाना भरलेला आहे. गोळी, हगवण, गोवर, म्हातारपण, एका ठिकाणी खेचराची लाथ. एल्हाननच्या नोंदपत्रात मात्र तिथे शाईची एक सरळ रेघ आहे आणि ती रेघ ओढायला हार्गिसला दोन महिने लागले.

हार्गिस मूळचा शाळामास्तर. एका खोलीची त्याची शाळा मोठ्या शाळेत विलीन झाली आणि वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी तो रिकामा झाला. बेकारांसाठी सरकारने काढलेल्या कामांत त्याच्या वाट्याला हे काम आले: डोंगरमाथ्यांवरच्या घरोघरच्या खाजगी कबरस्तानांत जाऊन कुठल्या लढाईतला कोणता सैनिक कुठे पुरला आहे, हे लिहून आणायचे. त्या मुलखात कोरलेले दगड थोडे. बहुतेक कबरींच्या डोक्याशी एक आणि पायाशी एक, असे ओढ्यातले दोन चपटे दगड उभे असतात. कोण कुठे आहे ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असते आणि ती माणसे सहसा सांगत नाहीत.

मास्तरकी सुटली तरी हार्गिसच्या अंगातला परीक्षक सुटला नव्हता. तो एकच प्रश्न तीन वेळा, तीन तऱ्हांनी विचारी आणि उत्तरे जुळली नाहीत तर वही मिटून ताक पीत बसे. घराण्याची नोंद लोक बायबलच्या कोऱ्या पानांवर ठेवत; तिथे चाळीस वर्षांचे जन्ममृत्यू एकाच शाईत, एकाच हाताने लिहिलेले दिसले की त्याला ते पान एका बैठकीत रचलेले वाटे. त्याच्याजवळ लोहाराकडून करून घेतलेला पाच फुटी लोखंडी गज होता. कबर खचून सपाट झाली असेल तर तो गज जमिनीत रोवून बघायचा. कधीकाळी उकरलेल्या मातीत तो हळूच उतरतो, न उकरलेल्या मातीत अडतो. दगड खोटे असू शकतात, माणसे तर असतातच, पण माती सहसा नसते, असा त्याचा अनुभव होता.

क्विलन ओढ्याच्या कबरस्तानाबद्दल त्याला पहिली माहिती दिली ती क्लीऑन गेहार्टने. ही माहिती कुणी मागितली नव्हती. एप्रिल महिन्यात टपाल घेऊन हार्गिस दुकानाच्या पायऱ्या उतरत होता, तेव्हा हा तिशीचा गडी मुद्दाम वाट वाकडी करून समोर आला.

"मास्तर, तुम्ही मेलेल्यांची शिरगणती करताय म्हणे?"

"जिवंतांची दुसरं खातं करतं."

"मग आमच्या ओढ्यावर उगाच तंगडतोड करू नका. तिथं सैनिक-बैनिक कुणी नाही. चार-दोन पोरं पुरलीत, बाकी नुसते धोंडे. आमची आत्या आहे वर, आर्मिन्टा. ती काहीबाही सांगेल. तिचं वय झालंय."

हार्गिस मान हलवून वाटेला लागला. ज्या ठिकाणी काहीच नाही ते सांगायला माणूस मैलभर आडवाट का करतो, हे त्याच्या मनात घोळत राहिले. दुसऱ्याच दिवशी तो क्विलन ओढ्याने वर चढला. माथ्याजवळ झाडाझाडांमधून लाल चिंधी बांधलेल्या खुंट्या ठोकलेल्या दिसल्या, तेव्हा त्याला निम्मे उत्तर मिळाले. जमिनीखालच्या कोळशाचे हक्क आर्मिन्टाच्या भावाने १९०९ सालीच एका कंपनीला लिहून दिले होते. हवा तिथून रस्ता काढण्याची मुभा त्या कागदात होती. अपवाद एकच: ज्याची सरकारदरबारी नोंद आहे असे कबरस्तान. आणि क्लीऑनला कंपनीने नव्या रस्त्यावर मालट्रक चालवायचे काम कबूल केले होते.

आर्मिन्टा गेहार्ट ओसरीवर घेवडा निवडत बसली होती. एकोणऐंशी वर्षांची, काटक, डोक्याला काळे फडके. तिने आधी गजाकडे पाहिले, मग माणसाकडे.

"तो लोखंडाचा दांडा फाटकाबाहेर ठेव. गेल्या साली दोघं आले होते अस्सेच दांडे घेऊन. पाणी मागितलं, पाणी दिलं. पाणी प्यायले आणि माझ्या मक्याच्या वावरात सतरा भोकं पाडून गेले."

"मी कोळशाचा माणूस नव्हे, मावशी. मी सैनिकांच्या कबरी लिहितो."

"ते दोघे म्हणाले, आम्ही विहिरी बघतो." तिने शेंग मोडली. "कुणाचा तू?"

हा प्रश्न येणार हे हार्गिसला ठाऊक होते. त्या डोंगरात बसायची फळी मिळते ती या प्रश्नाचे उत्तर दिल्यावर. "लीअँडर अँबर्गीचा. खालच्या फाट्यावरचे आम्ही."

"लीअँडर कुणाचा?"

"ग्रीनबेरीचा."

तिचे हात थांबले. शेंगांची परात तिने मांडीवरून उचलून बाजूला ठेवली. "ग्रीनबेरी अँबर्गीचा नातू माझ्या दारात कबर विचारत येतो. ये. आत नको, तिथंच बस. म्हणजे मला दिसशील."

ग्रीनबेरी अँबर्गी यादवी युद्धात होमगार्डच्या तुकडीचा नायक होता. पलटणीतून पळून आलेल्या गड्यांना डोंगरातून हुडकून काढणे हे त्या तुकडीचे काम. हार्गिसला आजोबा आठवत होते ते गोड बोलणारे, मधमाश्या पाळणारे म्हातारे म्हणून. पण ते हयातीत कधी क्विलन ओढा ओलांडून गेले नाहीत, हेही त्याला आठवत होते. वाट लांब पडली तरी ते वळसा घालून जात. लहानपणी त्याने कारण विचारले होते, तेव्हा आजोबांनी त्याला मधाच्या पोळ्याचा तुकडा दिला होता.

त्या दिवशी आर्मिन्टाने एवढेच सांगितले: तिचा बाप एल्हानन सरकारच्या बाजूच्या पलटणीत होता, १८६४ च्या फेब्रुवारीत घरी येऊन वारला, वर पुरला आहे. हार्गिसने तीन तऱ्हांनी विचारले. तिन्ही उत्तरे जुळली, पण ती फार चोख जुळली. जणू तीही वर्षानुवर्षे परीक्षेला बसत आली होती.

"मावशी, घरी आला तो रजेवर?"

"आला. बापाला घरी यायला रजा लागते होय?"

मग तिने त्याला वर नेले, चार पावले मागे राहून. सोळा कबरी. सगळ्यांचे पाय पूर्वेला. जगाच्या शेवटच्या, न्यायाच्या दिवशी उठून उगवतीला तोंड व्हावे म्हणून त्या मुलखात माणसाला असेच ठेवतात. दोन इवल्या कबरी एका कडेला होत्या. त्यांच्या शेजारची एकच कबर वेगळी होती. तिचे डोके उत्तरेला, पाय दक्षिणेला. आडवी.

फासावर गेलेल्याला आणि स्वतःहून जीव दिलेल्यालाच तिथे आडवे पुरतात, हे सांगण्याची दोघांपैकी कुणालाच गरज नव्हती.

"गज घालून बघू का? नुसती लांबी मोजायला."

"नाही."

"नोंदीला लांबी लागते."

"तुझ्या नोंदीला काय लागतं ते मला कळतंय. जा आता."

खाली ओढ्यापाशी क्लीऑन घोड्याला पाणी पाजत होता. "पाहिलीत ना आडवी?" तो हसून म्हणाला. "आजा पलटणीतून पळाला होता. तुमच्याच आज्यानं त्याला ओकच्या फांदीला टांगला. आख्ख्या ओढ्याला ठाऊक आहे. असल्याला सैनिक म्हणून लिहिणार तुम्ही? वरचे लोक तपासायला येतात म्हणे."

तपासनीस येत असत, हे खरे होते. खोटी नोंद सापडली की त्या कबरस्तानाचे नोंदपत्रच रद्द होई. हार्गिसने वॉशिंग्टनच्या लष्करी दफ्तराला पत्र टाकले. सहा आठवड्यांनी उत्तर आले: एल्हानन गेहार्ट, शिपाई, जानेवारी १८६४ पासून गैरहजर, पुढील नोंद नाही. ते पत्र त्याने कितीतरी वेळा वाचले. गैरहजर म्हणजे पळालेलाही असेल, गोवरात वाटेत पडलेलाही असेल. त्याला आता सगळ्यांचाच संशय येऊ लागला होता. क्लीऑनचा, कारण त्याला रस्ता हवा होता. आर्मिन्टाचा, कारण तिला तो नको होता. आणि आपलाही. 'आजाराने मृत्यू' असे लिहायला हात शिवशिवत होता. पण ते म्हातारीसाठी की ग्रीनबेरीसाठी, हे त्याला ठरवता येईना.

जूनमध्ये तो पुन्हा वर गेला. गज या वेळी त्याने आपणहून फाटकाबाहेर टेकवला, ओसरीच्या पायरीवर बसून पत्र वाचून दाखवले आणि कंपनीच्या कागदातला कबरस्तानाचा अपवादही सांगितला.

आर्मिन्टाने वर टेकडीकडे पाहिले. "म्हणजे तू लिहिलंस तर रस्ता वरून जात नाही."

"नाही जात. पण कबर सैनिकाची आहे आणि तिथं खरंच माणूस आहे, एवढं मला खात्रीनं लिहिता आलं पाहिजे. गज घातल्याशिवाय ते येत नाही."

"आणि गजानं फास कळतो?"

तो शब्द तिच्याच तोंडून पहिल्यांदा आला. हार्गिसने नाही म्हणून मान हलवली.

"मी तीन वर्षांची होते," ती म्हणाली. "मला एवढंच आठवतं की टेकडीवर जाळ होता. जमीन गोठली होती, म्हणून आईनं आणि तीन बायांनी ओंडके पेटवून ती मऊ केली. गडी एक नव्हता. लढाईत नाहीतर रानात लपलेले. बापाला आम्ही दादा म्हणायचो. आईला मी दहादा विचारलं, दादांना आडवं का ठेवलं? ती उठून कामाला लागायची. मेली तरी बोलली नाही. मग मी विचारायचं सोडलं. लोक सांगायला होतेच." ती उठली. "चल. पण दांडा मी धरणार. तुझ्या हातात नाही द्यायचा."

एकोणऐंशी वर्षांच्या त्या बाईने दोन्ही हातांनी गज धरला. हार्गिस फक्त जागा दाखवत होता. कबरीच्या डोक्याशी गज दोन फूट, तीन फूट, हळूहळू उतरला. माणूस होता. मग त्याने तिला कबरीच्या पूर्वेला वीतभर सरकायला सांगितले. तिने जोर लावला. खण्ण.

"दगड लागला."

"आणखी पलीकडे."

खण्ण. पश्चिमेलाही तेच. बोटभर मातीखाली अखंड खडकाची पाठ पसरली होती. त्या खडकात उत्तर-दक्षिण अशी एकच भेग होती, मातीने भरलेली, माणसाच्या रुंदीची. शेजारच्या दोन इवल्या कबरी त्या भेगेच्या टोकाशी उगवतीकडे तोंड करून मावल्या होत्या, कारण त्यांना लांबी लागली नव्हती.

"ही बाळं कुणाची?" हार्गिसने विचारले.

"आईचीच. माझ्या आधीची." आर्मिन्टा गजावर भार देऊन उभी होती. "तिला दादांना पोरांजवळ ठेवायचं होतं. आणि इथं... इथं पूर्व-पश्चिम खणताच येत नव्हतं."

"चार बाया, गोठलेली जमीन आणि हा खडक."

"मग सांगितलं का नाही तिनं मला?" ती एकदम तडकली. "सत्तर वर्षं मी खाली मान घालून दुकानात जातेय."

हार्गिस म्हणाला, "मावशी, कबर आडवी का, ते यानं कळलं. तुमचे दादा कसे गेले, ते नाही कळलं. जागा आडवी होती म्हणून फास खोटा ठरत नाही."

"मी विचारलं तुला? ते तुझ्या आज्याला विचारायचं होतंस, जिवंत होता तोवर."

"विचारलं होतं. मला मध दिला त्यानं."

ती गज टेकत घराकडे उतरू लागली.

ओसरीवर बसून त्याने नोंदपत्र भरले. नाव, पलटण, जागा, सोळा कबरींचा आराखडा, कबरीची दिशा आणि तिचे कारण: खडक. मृत्यूच्या कारणापुढे रेघ. आर्मिन्टाला वाचता येत नव्हते, पण म्हणून ती फसणारी नव्हती. "तुझं सरकार कागद हरवतं," ती म्हणाली आणि आतून बायबल घेऊन आली. "हेच जसंच्या तसं इथं मागच्या पानावर उतरव."

त्याने उतरवले. मग तिने दोन्ही पाने शेजारी ठेवली आणि डाव्या हाताचे बोट इकडे, उजव्या हाताचे तिकडे असे एकेक अक्षर, निव्वळ आकारावरून, ताडून पाहायला सुरुवात केली. उन्हे ओसरीच्या पायरीवरून फळीवर चढली. हार्गिसपुढची मक्याची भाकरी तशीच राहिली. सरतेशेवटी तिची बोटे थांबली.

"ही ओळ तुझ्या कागदावर आहे. माझ्या बायबलात नाही." तिचा आवाज पुन्हा पहिल्या दिवसासारखा झाला होता. "तळाशी. काय लिहिलंस चोरून?"

"चोरून नाही. ती तपासणाऱ्यांसाठी आहे. म्हणून इथं नाही घेतली."

"वाच."

त्याने वाचले: "सदर सैनिकाला होमगार्डच्या तुकडीने फाशी दिल्याचे शेजारी सांगतात, पुरावा मिळाला नाही. त्या तुकडीचा नायक ग्रीनबेरी अँबर्गी हा नोंद करणाराचा आजोबा होता. ही नोंद वाचणाराने ते लक्षात घ्यावे."

आर्मिन्टाने ती ओळ बोटाने दोनदा चाचपली, जणू शाई वाळली की नाही ते बघत होती. मग बायबल त्याच्या पुढ्यात सरकवले.

"हीपण लिही. सगळी. तुझं नाव शेवटी घाल."

त्याने लिहिले. तिने पुन्हा बोटे ठेवली आणि पहिल्या अक्षरापासून ताडायला लागली.

१९५१ साली जिल्हा कचेरीने छापलेल्या नकाशात क्विलन ओढ्याच्या माथ्यावरचे पाऊण एकर कबरस्तान म्हणून दाखवले आहे; कंपनीचा रस्ता त्याच्या साठ पावले खालून जातो.