वेगळं कपाट

माया गजभियेच्या पायाला सकाळपासून भिंगरी लागली होती. रायपूरच्या समता कॉलनीतल्या मुलींच्या होस्टेलची ती वॉर्डन. गॅस पाहिला, गच्चीवर जाऊन टाकी पाहिली, पण सोनियाच्या दारापाशी गेली की पाय मागं फिरत. दार वाजवल्याबिगर कुणाच्या खोलीत शिरायचं नाही, हा तिचाच कायदा. आज वाजवायलाच हात उठेना. आत सोनिया बॅग भरून राहिली होती. संध्याकाळी तिचा बाप न्यायला येणार होता.

सोनिया दंतेवाड्याची, नर्सिंगची पोट्टी. घरून आलेली सुकट ती होस्टेलच्या गॅसवर भाजायची. बाकीच्या नाकाला ओढणी लावत. त्यातली अपर्णा म्हणाली, "दीदी, उल्टी आती है." भांडण नको म्हणून मायानं अपर्णाला विचारलं, स्वयंपाकवाल्या भीमाबाईला विचारलं, आणि मागच्या ओसरीत सुकटीसाठी वेगळं कपाट मांडलं. वेगळा तवा, वेगळं ताट. सगळ्या खूश. सोनिया नुसती "जी दीदी" म्हणाली. काल कुणीतरी तिचा पाण्याचा गिलासही त्याच कपाटात नेऊन ठेवला, अन् तिनं बापाला फोन केला.

रात्री मायानं हे घरी सांगितलं तेव्हा नवऱ्याचा, दयारामचा, घास हातातच राहिला. "ताट वेगळं? काहून वं? अन् तू केलं?"

जात पाहून पाण्याचं मडकं वेगळं ठेवणाऱ्या गावातून तिचा आजा रेल्वेच्या कामावर रायपूरला निघून आला होता. हे तिला ठाऊक नव्हतं थोडंच!

दुपारी एकदाची तिनं कडी वाजवली. "येऊ का?"

"आइए."

"चुकलं माह्यं, सोनिया."

बॅगेची चेन ओढत सोनिया म्हणाली, "आपने सबसे पूछा, दीदी. मुझे सिर्फ बताया."

मायाला खाली बसवेना. "आता विचारून राहिली ना. सांग, काय करू?"

"सबको बुलाइए. मैं खुद बोलूँगी."

जेवणघरात पोट्ट्या गोळा झाल्या. सोनियानं ओसरीतलं ताट आणून सगळ्यांच्या ताटांच्या चळतीत ठेवलं. "सुकट गच्चीवर भाजीन. ताट इथंच राहील," असं तिनं हिंदीत ठणकावलं. माया भिंतीपाशी उभी. मधे बोलायचं नाही म्हणून तिनं ओठ दातांखाली धरले होते.

अपर्णा पुटपुटली, "और हवा इधर की चली तो?"

"तो तू भी चख लेना!" मागून कुणी ओरडलं, आणि हशा पिकला. अपर्णा हसली नाही, पण उठूनही गेली नाही.

संध्याकाळी बाप आला. "चल बेटी, सामान कहाँ है?"

मायाचा जीव टांगणीला.

सोनियानं चळतीतलं वरचं ताट उचललं, पुसलं आणि बापापुढं मांडलं. "पहले खा लो, बाबा. इम्तिहान तक रुकती हूँ. फिर देखेंगे."

मायानं त्या ताटात वरण वाढलं. परीक्षा महिन्यावर आली होती.