कासवाची वाट

"आबा, ह्या वयात हाव सुटली व्हय तुमाला?"

ओढ्याच्या काठावर वाडीतली ठकूमावशी असं म्हणाली, तेव्हा मी मागे करवंदीच्या जाळीआड उभी होते. तिथेच बोलायला हवं होतं. बोलले नाही — आणि पुढची दोन वर्षं कुणालाच सांगितलं नाही. घरीही नाही.

कुरवंड्याच्या वाटेवर आमचा बंगला. खालच्या वाडीतले धोंडूआबा ओढ्याच्या डोहात झिंग्यांसाठी बांबूच्या कामट्यांचा सापळा बुडवून ठेवत. सापळ्याच्या वरच्या अंगाला ते मुद्दाम वीतभर भोक ठेवायचे. झिंगे तळाला राहत्यात, म्हणायचे, कासव श्वासाला वर चढतं. त्याला वाट नको?

दिवाळीच्या सुट्टीत मुंबईचे पाहुणे आले. आबांनी आणलेली झिंग्यांची परडी पाहून हसले — एवढेसेच? मला लाज वाटली. कशाची? आबांची. संध्याकाळी मी डोहावर गेले आणि ते भोक सुतळीने आवळून बंद केलं.

सकाळी सापळा वर आला. झिंगे दुप्पट होते. त्यांच्यावर कासव — मेलेलं. आतल्या एकेका कामटीवर नखांचे पांढरे ओरखडे, एकही न सोडता. एक पाय फटीतून बाहेर आला होता. आबांनी सापळा खडकावर टेकवला तसा तो पाय हलला — मला बोलावल्यासारखा.

ठकूमावशीने विचारलं ते तेव्हा. आबांनी सुतळीचं टोक ओढलं, गाठ अलगद सुटली. बुटाच्या नाडीची गाठ, शाळेत शिकवलेली. वाडीत बूट कोण घालतं? त्यांनी जाळीखाली दिसणाऱ्या माझ्या पायांकडे पाहिलं. मग सुतळी मुठीत मिटली.

"व्हय," म्हणाले. "सुटली हाव."

ज्याच्या सापळ्यात कासव बुडतं, त्याने त्या डोहात पुन्हा सापळा लावायचा नाही, अशी वाडीची रीत. आबा आता रस्त्याच्या कामावर खडी फोडतात.

मला ते ओरखडे ऐकू येतात. रेडिओ तापेपर्यंत होणाऱ्या खरखरीत. आई तांदूळ पाखडते, त्यात. कधी भर दुपारी, नुसत्या भिंतीतून. आईला विचारलं, तर म्हणाली, उंदीर असेल — पण भिंत दगडी आहे.

आज सकाळी डोहावर गेले. ठकूमावशी चार बायकांबरोबर धुणं धूत होती. कामावर निघालेले आबा वरच्या वाटेवर मला पाहून थांबले. त्यांनी मानेनेच 'नको' म्हटलं.

मी म्हणाले, "मावशी, ती गाठ मी मारली होती. आबांनी नाही."