चारची नको, तीनची द्या!

वापरलेली रॅम सहाशे पन्नास. मारुती मंदिर नाक्यावरच्या कम्प्युटर पार्टवाल्याकडे दोन फेऱ्या, पेट्रोल चाळीस. आणि त्याचा राग निवावा म्हणून पाजलेले दोन चहा, तीस... एकूण सातशे वीस रुपये.

एवढ्यात मी आमच्या दुकानातल्या म्हाताऱ्या कम्प्युटरची ताकद तिप्पट केली. दोन जीबीचे सहा जीबी! नवीन मशीनचं कोटेशन बत्तीस हजारांचं होतं, ते घडी करून ड्रॉवरखाली लावलं. ड्रॉवर हलायचा थांबला.

गोष्ट गेल्या मंगळवारची. आमचं लेबलं छापायचं छोटं दुकान, डिझाइन सगळं सौ. करते. मी आधी वीस वर्षं बोटींची इंजिनं दुरुस्त केली, त्यामुळे मशीनला काय दुखतंय ते मला कानाने कळतं... असं मी म्हणतो. सौ. दुसरंच काहीतरी म्हणते.

सकाळी अकराला कांबळे गुरुजी दारात. रिटायर झाल्यावर त्यांनी राजापूरजवळ आपल्या गावी काजूगराचं छोटं युनिट टाकलंय, आणि ही त्यांची पहिली ऑर्डर. दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईच्या व्यापाऱ्याची गाडी माल उचलणार होती. पाकिटांवर लेबल नसेल तर मी माझं चिकटवून विकेन, असं तो आधीच बोलून बसला होता.

गुरुजींच्या लेबलावर नाव होतं 'तानूबाई काजूगर' आणि शेजारी त्यांच्या आईचा फोटो. या बाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या कारखान्यात काजू फोडले. चिकाने काळी पडलेली बोटंसुद्धा त्या फोटोत दिसतात.

आणि नेमका तो फोटो उघडला की आमचा कम्प्युटर मान टाकायचा. स्कॅन मोठं, मेमरी लहान. सकाळपासून तीनदा हँग... गुरुजींची एसटी साडेचारची.

मी पार्टवाल्याला फोन लावला. म्हटलं, डेस्कटॉपची रॅम हवी, जुनी चालेल. त्याने विचारलं, "तीनची की चारची?"

आता आंब्याच्या सीझनला रत्नागिरीत 'चारची', 'पाचची' असं कानावर पडलं की पेटीतले डझनच समजायचे. जास्त ते बरं, असा साधा हिशोब. मी थाटात म्हटलं, "चारचीच द्या हो, तीनची कशाला?"

आणली. खोक्याचं झाकण काढलं, लावायला गेलो तर बसेचना. मी अंगठ्याला जोर देणार एवढ्यात सौ. ओरडली, "अहो, दाबू नका! बोटीचं इंजिन नाही ते, ठोकून बसवायला!"

बरं झालं ओरडली. जुनी पट्टी काढून नवीच्या शेजारी धरली, तर दोघींची खाच वेगवेगळ्या जागी. जुनीच्या स्टिकरवर डीडीआर थ्री, नवीवर डीडीआर फोर. दोन्ही खिशात घातल्या आणि पुन्हा मारुती मंदिर.

पार्टवाल्याने कपाळाला हात लावला. "दादा, मी जनरेशन विचारत होतो... तुम्ही काय ऐकलंत?"

"डझन," मी म्हटलं. आधी चिडला, मग इतका हसला की चहा सांडला. पण डीडीआर थ्रीची चार जीबी शोधून दिली, जुन्या पट्टीशी स्पीड जुळवून, आणि वर पैसेही वाढवले नाहीत.

परत आलो तेव्हा पावणेतीन. प्लग काढला, रॅम लावली, चालू केलं... पडदा काळा आणि आतून लांबलचक 'टूंऽऽ टूंऽऽ'. गुरुजी स्टुलावरून उठले. म्हणाले, "राहू दे रे. या खेपेला त्या व्यापाऱ्याच्याच नावाने जाऊ दे माल."

इतक्या शांतपणे म्हणाले की मलाच कसंतरी झालं. म्हटलं, "गुरुजी, बसा. हे मशीन मेलेलं नाही, तक्रार करतंय."

मग डोकं शांत ठेवून ऐकलं. नवी पट्टी काढून एकट्या जुनीवर चालू केलं, तर टूं टूं बंद. म्हणजे दुखणं नव्या पट्टीचं. पिन बघितल्या तर वापरून काळपट झालेल्या.

सौ. म्हणाली, खोडरबराने पुसा. दुकानात शोधाशोध सुरू, तर गुरुजींनी शर्टाच्या खिशातून खोडरबर काढून पुढे केला. चार वर्षं झाली रिटायर होऊन! सौ. म्हणाली, "गुरुजी, खडू पण असेल बघा."

पिन हलक्या हाताने पुसल्या, पुन्हा प्लग काढून पट्टी बसवली. एका टोकाची क्लिप वाजली... टक्. थोडं दाबलं, दुसऱ्या टोकाला... टक्. आणि तेव्हा लक्षात आलं, मघाशी मी एकच टक् ऐकला होता! पट्टी अर्धवटच बसली होती.

बटण दाबलं. एक छोटीशी 'टिक' आणि पडदा उजळला. फोटो उघडला, मोठा केला, रंग ठीक केला... मशीन हूं की चूं नाही. मी दुकानात एकटाच टाळ्या वाजवत होतो.

चार वाजता चारशे लेबलं कापून तयार. गुरुजींनी एक उचलून चष्म्याजवळ धरलं. म्हणाले, "आई पहिल्यांदाच छापून आली." एसटी मिळाली, आणि दुसऱ्या दिवशी माल तानूबाईंच्याच नावाने मुंबईला गेला. या कामात मला सौ., पार्टवाला आणि गुरुजी, तिघांनी सावरलं. तिघांचे मनापासून आभार.

बाकी ते तिप्पट ताकदीचं... काल सौ.ने सेटिंग उघडून दाखवलं. आमची सिस्टीम जुनी, बत्तीस बिटची, तिला जास्त मेमरी पेलतच नाही. लावलेली मेमरी सहा जीबी, त्यातली वापरता येते ती सव्वातीन.